डावा गुडघा

माझा डावा गुडघा गेला तेव्हा मैत्रिणींनी बर्फ उजव्या गुडघ्याला लावला. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण नी-कॅप उजव्याच पायात होती. कबड्डीत दुखरा पाय समोरच्या संघाला कळू द्यायचा नसतो. कोपऱ्यातल्या पोरींना नुसता वास लागला तरी त्या नेमका तोच पाय धरतात. म्हणून आमच्याकडे जुनी रीत आहे: दुखणं डाव्यात असेल तर कॅप उजव्यात घालायची, आणि चेहरा असा ठेवायचा की जन्मात कधी काही दुखलेलंच नाही. माझा डावा गुडघा महिनाभर कुरकुरत होता आणि मी ते स्वतःच्या संघालाही सांगितलं नव्हतं.

शिरूरला दुपारचे सामने होते. चढाई करून मी परत फिरत होते. पाऊल मातीत रुतून राहिलं आणि मी मात्र फिरले. आतून शेवग्याची शेंग मोडल्यासारखा आवाज आला. पडल्या पडल्या वर आकाश दिसलं, फार निवांत. त्यात एक घार गोल गोल फिरत होती, आणि खाली कुणीतरी माझ्या धडधाकट गुडघ्यावर बर्फ चोळत होतं.

"अगं ये, त्यो न्हाई! दुसरा!" मी ओरडले.

"दुसरा कुठला?"

"मला पाय हायती तरी किती?"

एवढं होऊनही मी भांडू शकते म्हटल्यावर दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला वाटलं, फार काही झालेलं नसणार. त्याचा अंदाज चुकला. पुण्याला ऑपरेशन झालं. गुडघ्याच्या आतली जी दोरी तुटली होती तिच्या जागी माझ्याच मांडीमागून काढलेली दोरी बसवली. खेळायचं विचारल्यावर सर्जन म्हणाले, वर्ष गेलं असं धरून चाला, पुढचं सगळं फिजिओथेरपीवर आहे. माझं वय त्यांनी काढलं नाही. ते काम बाकीच्यांनी केलं. मी चौतिशीची. भेटायला येणारा प्रत्येक जण नारळपाणी ठेवायचा आणि म्हणायचा, आता बास की, लई खेळून झालं. शिक्रापूरच्या कंपनीतले आमचे साहेबसुद्धा फोनवर हेच म्हणाले, आणि त्या माणसाने मला एकदाही खेळताना पाहिलेलं नव्हतं.

मला पुन्हा चढाई करायची होती. पदकं नको होती, ती माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. माझा स्वभाव तिखट. घरात, कंपनीत, एसटीत मी कुणाशी ना कुणाशी हुज्जत घालतच असते. फक्त चढाईत तसं होत नाही. तिथं एकच शब्द असतो आणि एकच श्वास. दम धरून मध्यरेषा ओलांडली की सगळे आवाज मागे राहतात, समोरच्या पोरी पाण्याखाली असल्यासारख्या हळू हलायला लागतात, आणि मला माझं सगळं अंग एकदम कळतं. तेवढ्या वेळापुरती मी स्वतःला आवडते. हे जाणार या विचाराने मी इतकी घाबरले होते की नारळपाणी घेऊन येणाऱ्यांशी धड बोलतही नव्हते.

शिरूरचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून नवऱ्याने मला गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घातली आणि न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंडला माझ्या आईकडे आणून सोडलं. तिथं घर जमिनीला लागून. विहारापुढच्या ज्या पटांगणात मी परकर खोचून कबड्डी शिकले, ते खाटेवरून दिसायचं. आईने सांगून टाकलं, खिडकी उघडी राहील, पण रडायचं न्हाई. मी रडत नसेच. पडून राहायचे आणि इंजिनांच्या शिट्ट्या ऐकायचे. दौंडला गाड्या थांबतात, इंजिनं बदलतात, आणि उन्हाच्या वेळी अर्धवट झोपेत असं वाटायचं की सगळं गावच रुळावर उभं आहे आणि कुठल्याही क्षणी हळूच निघेल.

फिजिओथेरपीचा दवाखाना स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. एक खोली, दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा. तिथल्या डॉक्टर माझ्याहून लहान, रोज यवतहून यायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई. खेळाशी त्यांचा उभ्या आयुष्यात संबंध आला नव्हता, शाळेत पी.टी.च्या तासाला डोकं दुखतं म्हणून वर्गात बसून राहायच्या, असं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं. मी मनात म्हटलं, झालं, आता ही मला चढाईला उभं करणार.

त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "गुडघ्यानं टॉवेल खाली दाबा. मांडी आवळा."

मी आवळली. म्हणजे मनात आवळली. मांडी हललीच नाही. मी पुन्हा जोर लावला, दात आवळले गेले, मुठी आवळल्या गेल्या, मांडी दुसऱ्या कुणाची असावी तशी पडून राहिली. ज्या मांडीच्या जोरावर मी चार चार जणींना रेषेपर्यंत ओढत आणलं होतं, तिला एक टॉवेल दाबता येईना. हे इतकं विचित्र होतं की मला दुःख व्हायच्या ऐवजी नवलच वाटलं.

"ऑपरेशननंतर स्नायू विसरतात," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोन बोटं मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर टेकवली. "इकडंतिकडं नको. फक्त माझ्या बोटांखाली बघा काय होतंय."

पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. मी डोळे मिटून त्या दोन बोटांकडे जात राहायचे, अंधारात घरातल्या घरात भिंत चाचपत जावं तशी. मग एका सकाळी बोटांखाली काहीतरी फडफडलं आणि थांबलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आईने घातलेली अट मी त्या दिवशी दवाखान्यात मोडली.

व्यायाम झाला की त्या मांडीला चिकट पट्ट्या लावून करंटचं मशीन सुरू करायच्या. मुंग्या यायच्या, वर पंखा फिरायचा, आणि पडदा वाऱ्याने फुगून पुन्हा बसायचा. पडद्यापलीकडच्या खाटेवर एक आबा असायचे. खांदा आखडलेला, हात वर जात नव्हता. पट्टीचा माणूस होता बोलायला.

"काय गं पोरी, पाय का?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"व्हय आबा. गुडघा."

"पडली?"

"कबड्डी खेळताना."

"ह्या वयात?"

"तुमाला माझं वय काय म्हाईत? पडदा हाय मधी."

"आवाजावनं कळतंय. मेंढराचं वय बी मी आवाजावनं सांगायचो."

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आता ऊस आहे आणि कांदा, पण ऊसकांद्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. खांद्यावर शेकाची गरम पिशवी ठेवली की आबा कोकणात जायला निघायचे. कुठल्या माळावर मुक्काम, कुठल्या ओढ्याला पाणी, घाट उतरताना कुठलं कोकरू खांद्यावर घ्यावं लागलं, असं सगळं सावकाश, पाऊल पाऊल सांगत. मुंग्यांमध्ये माझे डोळे मिटायचे. मग मैदान दिसायचं, पांढरी रेषा दिसायची, आणि मी दम धरून पलीकडे गेले की समोर कोपऱ्यात पोरींच्या जागी मेंढरं उभी असायची, शांत, रवंथ करत. मी त्यांच्यामधून चालत राहायचे. मैदान संपायचंच नाही, आणि माझा दमही. जाग यायची ती मशीन टिक करून बंद पडल्यावर.

आबांचा व्यायाम सुरू झाला की मात्र कोकण खलास. "मेलो! मेलो गं बाई!"

"आबा, मी अजून हात लावला नाही," मॅडम म्हणायच्या.

दुखण्याला आकडा द्यायची तिथं पद्धत होती. अजिबात नाही तर शून्य, सोसवत नाही तर दहा. आबा मॅडमनी विचारायच्या आधीच दहा म्हणायचे. मी दरवेळी शून्य म्हणायचे. मॅडम गुडघा वाकवायच्या, प्लास्टिकच्या पट्टीने कोन मोजायच्या, विचारायच्या, "किती?" मी छताकडे बघत म्हणायचे, "शून्य." आतून जीव निघायचा, पण चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मी हे ठरवून करत नव्हते. इतकी वर्षं तेच केलं होतं. पाय दुसऱ्याच्या हातात गेला की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं.

माझ्या शून्यावर विसंबून मॅडम कोन वाढवत गेल्या. मी खूश होते. या हिशेबाने मी लवकरच मैदानावर असणार होते. मग एक दिवस उठले तर गुडघा सुजून टम्म, वाटी दिसेना. पाय टेकवेना. नवऱ्याने शिरूरहून येऊन मला जवळजवळ उचलून दवाखान्यात नेलं.

मॅडमनी सूज दाबून पाहिली, पट्टी लावली, कोन वाचला आणि पट्टी खाटेवर टाकून दिली. "हे आज झालेलं नाही. किती दिवस दुखतंय?"

मी खाली बघत चादरीची सुरकुती काढत बसले.

"ताई, मी समोरच्या टीमची आहे का?"

मी मान वर केली.

"मला दुसरं काही कळायला मार्ग नाही. आत काय चाललंय ते फक्त तुम्हाला कळतं. तुम्ही मला फसवलंत, आणि गुडघा तुमचाच." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. "आता वाकवणं बंद. जेवढं पुढं आलो तेवढं मागं जायचं."

मला ऐकून घ्यायची सवय नाही. उलट बोलायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला.

"सांग की गं पोरी. दुखतंय म्हनायला लाज कसली? मी बघ कसा बोंबलतोय रोज."

नवरा हसला. मॅडम डोळे पुसता पुसता हसल्या. मी नाही हसले. पट्टीवरचा तो कोन मी पाहिला होता, आणि मागं जायचं म्हणजे काय ते मला नीट कळलं होतं.

सूज उतरल्यावर मी दुखणं सांगायला शिकले. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण ते मला मांडी आवळण्याहून अवघड गेलं. तोंडातून आकडा निघायचाच नाही. मॅडम गुडघा हातात धरून वाट बघत बसायच्या. मग मी म्हणायचे, "तीन." जरा वेळाने, "न्हाई, साडेतीन."

"साडे कशाला? भाव करताय का माझ्याशी?"

हळूहळू मला त्यांचे हात कळायला लागले. अंगठा कुठे दाबून थांबणार, कधी सोडणार, हे मला आधीच समजायचं. आईसुद्धा आपल्याला इतका वेळ, इतक्या लक्षपूर्वक हात लावत नाही मोठेपणी. माझ्यासारखीला हे सांगायला जड जातं, पण मला ते आवडायचं. मी वाट बघायचे त्याची.

एके दिवशी आबा खाटेवरून उठल्याचा आवाज आला आणि बराच वेळ कापडाची सळसळ ऐकू आली. मग पडदा बाजूला झाला. इतके दिवस मी आबांना पाहिलंच नव्हतं. मी यायच्या आधी ते आडवे झालेले असत आणि मी निघताना पडदा ओढलेला असे. त्या आवाजावरून मी धिप्पाड माणूस समजत होते. समोर एक चिमणं, वाळलेलं म्हातारपण उभं होतं आणि दोन्ही हात वर करून डोक्याला लाल पटका बांधत होतं.

"बगितलं का?" ते म्हणाले. "सोताच्या हातानं बांदला. कवाधरनं सून बांदत व्हती."

"लई झ्याक, आबा."

"चल, येतो. तू बी उठ आता बिगीबिगी."

दुसऱ्या दिवसापासून ती खाट रिकामी. करंट सुरू असताना मी डोळे मिटून पाहिलं, पण मेंढरं आली नाहीत.

पाय चालायला लागला, जिने चढायला लागला, तशी मी शिरूरला परतले. कंपनी सुरू झाली. सकाळी घोडनदीच्या काठाने चालायचं, दुपारी टेबलाखाली पाय ताणायचा, आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने दौंड गाठायचं. खिडकीशी बसून मी बॅग मांडीखाली घेऊन दाबत राहायचे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा गोड धूर आत शिरायचा, आणि भीमेच्या पुलावर बस आली की सगळे प्रवासी उगाच एकदा खाली बघायचे. डुगडुगत्या फळीवर मी एका पायावर उभी राहू लागले. धावू लागले. मॅडमनी दोन्ही मांड्या टेपने मोजल्या, दोन्हींचा जोर पाहिला आणि म्हणाल्या, "आता उडी. डाव्या पायावर उभं राहायचं, पुढं उडी मारायची, डाव्याच पायावर उतरायचं. हे जमलं की तुम्ही मोकळ्या."

फरशीवर खडूने रेघ मारली. मी डाव्या पायावर उभी राहिले, हात मागे नेले, गुडघा वाकवला. आणि तिथेच राहिले. पाय जमिनीवरून सुटेना. पुन्हा वाकले, पुन्हा तेच.

"दुखतंय?"

"न्हाई. खरंच न्हाई, मॅडम."

"मग?"

मी रेघेकडे बघत राहिले. "मला भ्या वाटतंय," मी म्हणाले. हा शब्द मी कुणासमोर पहिल्यांदाच उच्चारला, आणि उच्चारून काही सुटलं नाही. पुढच्या सुट्टीला तेच झालं, त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. गुडघा बरा झाला होता, सगळी मापं तसं सांगत होती. माझं अंगच म्हणत होतं की नाही. परतीच्या बसमध्ये मी तोंड फिरवून बसायचे. नारळपाणीवाले बरोबर ठरणार होते, आणि ते कारण मी कुणाला सांगूही शकले नसते. गुडघ्याने दगा दिला असता तर एक वेळ चाललं असतं.

मग एका रविवारी मॅडम दवाखान्याला कुलूप लावून बाहेर पायरीवर उभ्या होत्या. पायात नवे कोरे बूट.

"मी तुमचा खेळ कधी बघितलाच नाही," त्या म्हणाल्या. "कुठं मैदान आहे इथं?"

रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर आम्ही दोघीच. कडेला कुणीतरी टाकून दिलेली फक्कीची पिशवी होती, तिच्यातल्या उरल्यासुरल्या चुन्याने मी मध्यरेषा ओढली. कोवळं ऊन होतं आणि यार्डात एक इंजिन नुसतंच धापा टाकत उभं होतं. मी नियम सांगितले. मी दम धरून तुमच्याकडे येणार, तुम्हाला शिवून परत जाणार. तुम्ही मला धरून ठेवायचं, दम संपेपर्यंत.

"कुठं धरू?"

"घावंल तिथं."

"मी डावा पाय धरणार," त्या म्हणाल्या. "आधीच सांगून ठेवते."

जन्मात मला कुणी असं सांगून पकडायला आलं नव्हतं. मी रेषेला हात लावला, श्वास घेतला आणि गेले. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." यार्डाचा आवाज मागे राहिला. ओढणी कमरेला बांधून मॅडम वाकून उभ्या होत्या, पंजे पुढे, डोळे माझ्या डाव्या गुडघ्यावर. त्या सावकाश हलल्या. मी उजवा पाय लांबवून त्यांच्या बोटांना शिवले आणि मागे वळले, आणि त्यांनी सगळं अंग टाकून झेप घेतली. त्यांचे हात घोट्याकडे येताना मला दिसले. ते दोन हात मला पाठ होते. मी उडाले. त्यांच्या हातांवरून गेले आणि पलीकडे डाव्या पायावर उतरले, आणि पाय उभा राहिला. त्या नवलात मी क्षणभर तिथंच थांबले, तेवढ्यात त्यांनी पडल्या पडल्या सरपटत येऊन घोटा धरलाच. मी कोसळले, दम सोडला नाही, त्यांना धुळीतून ओढत नेलं, आणि हात लांब केला. बोटांना चुना लागला.

दोघीही जमिनीवर, तोंडात माती.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं. घोटा अजून त्यांच्या हातात होता.

"तुमी बाद, मॅडम."

"म्हणजे आता काय करायचं?"

"सोडायचं. आन् बाहेर जाऊन बसायचं."

त्यांनी एक एक बोट करून घोटा सोडला. उठल्या, ड्रेस झटकला, आणि मैदानाच्या बाहेर जाऊन शहाण्या मुलीसारख्या मांडी घालून बसल्या. मी माझ्या बाजूला परत आले आणि वळून पाहिलं. पलीकडची सगळी बाजू रिकामी होती.

"आता?" मी विचारलं.

"आता या पुन्हा. उडी मारत या," त्या म्हणाल्या. "मी इथं बाहेर आहे."

मला भडभडून आलं. रडताना दम धरता येत नाही. म्हणून मी आधी रेषेवर बसून पोटभर रडून घेतलं, आणि मग उठून चढाईला गेले.